शाळेच्या ट्रेकला हॅम रेडिओची साथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या निवासी सहलीला किंवा किल्ल्यावरच्या ट्रेकला आम्ही काही परवानाधारक हॅम स्वखुशीनं रेडिओ घेऊन जातो. मुख्याध्यापक, सहलप्रमुख, पालक आणि नुकतीच कॉल साइन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव) मिळालेले हॅम आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं बहुतेक लोणावळा ते राजमाची या वाटेवरची आहेत, कारण पुण्या-मुंबईच्या शाळा तिथे नेहमी जातात आणि रेडिओच्या दृष्टीनं ती वाट सोपीही आहे आणि फसवीही.

१. हॅम रेडिओ म्हणजे काय? शाळेच्या सहलीत त्याचा काय उपयोग?

हौस म्हणून, शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी, सरकारी परीक्षा देऊन आणि परवाना घेऊन जे लोक रेडिओवर बोलतात ते हॅम. त्यांच्यासाठी जगभर काही तरंगपट्टे राखून ठेवलेले आहेत. आपल्याकडे हातातल्या सेटसाठी मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तरंगाची लांबी साधारण दोन मीटर असल्यानं आम्ही त्याला 'दोन मीटर' म्हणतो. दोन सेट थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये टॉवर, सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरमध्ये फोन बंद पडले, तेव्हा हॅमनी याच बळावर निरोप पोचवले होते.

शाळेच्या सहलीत काम त्याहून साधं असतं. साठ मुलांची रांग दोन किलोमीटर लांब झाली तरी पुढचा, मधला आणि शेवटचा मोठा माणूस एकमेकांना ऐकू आला पाहिजे, एवढंच.

२. हल्ली सगळ्यांकडे मोबाइल आहे. मग रेडिओ कशाला?

मोबाइल जरूर न्या, आम्हीही नेतो. रेंज असेल तिथे १०८ किंवा ११२ लावायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण तुंगार्लीचं धरण मागे पडलं की वाट झाडीत शिरते आणि रेंज येते-जाते. ज्याला फोन लावायचा तोही नेमका त्या वेळी रेंजमध्ये असावा लागतो. शिवाय फोनवर एका वेळी एकालाच सांगता येतं. रेडिओवर एकदा बोललं की सगळ्या सेटवर ऐकू जातं, त्यामुळे 'ओढ्याच्या फाट्याला डावीकडे वळा' हे सात जणांना सात वेळा सांगावं लागत नाही.

३. तुम्ही मानधन किती घेता?

काहीही घेत नाही. हौशी सेवेचा परवाना मोबदल्याच्या कामासाठी नसतो, म्हणून पाकिटही नको आणि 'प्रवासखर्च' या नावाखाली रक्कमही नको. मुलांच्या पंगतीत आम्हाला पिठलं-भाकरी वाढलीत तर आनंदानं जेवू.

सहल एखादी खासगी कंपनी फी घेऊन नेत असेल तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. त्या कंपनीनं स्वतःच्या संपर्काची सोय रीतसर परवाना घेऊन करावी. हौशी पट्टा कोणाच्या व्यवसायाला वापरू देणं आम्हाला मान्य नाही.

४. सेट आमच्या शिक्षकांच्या हातात द्या आणि तुम्ही एकानंच यावं, असं चालेल का?

नाही चालणार. हौशी पट्ट्यावर बटण दाबून बोलण्याचा अधिकार परवानाधारकालाच आहे. परवाना माणसाला मिळतो, सेट आणला म्हणून तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. त्यामुळे ज्या ज्या जागी रेडिओ हवा, तिथे एक हॅम हवा. तो त्या गटाच्या शिक्षकांच्या शेजारून चालतो. निर्णय शिक्षकांचे किंवा ट्रेक लीडरचे, आम्ही फक्त त्यांचा आवाज लांब नेतो. शिक्षकांना स्वतःच सेट वापरायचा असेल तर प्रश्न ५ पहा.

५. ऑनलाइन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी मिळतात. त्यांना परवाना लागतो का?

त्यावर कोणती फ्रिक्वेन्सी चालते, यावर ते ठरतं. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटना वापरण्याचा परवाना लागत नाही. शिक्षकांसाठी हेच सेट घ्या. घेताना खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता दोन्ही लिहिलेलं आहे का पहा. मोकळ्या रानात एक-दीड किलोमीटर आणि गर्द झाडीत काहीशे मीटर, एवढी अपेक्षा ठेवा. मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघर, तंबू आणि पाणवठा यांच्यात बोलायला ते उत्तम.

मात्र स्वस्तात मिळणारे बरेच सेट कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात. असा सेट विनापरवाना घेऊन नकळत पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या चॅनेलवर बोलणं हा गुन्हा आहे, आणि 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे तिथे चालत नाही. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारनं २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी नियमावलीही आणली.

आमची आवडती मांडणी अशी : गटांत शिक्षकांचे विनापरवाना चालणारे सेट आणि दूरच्या अंतरासाठी हॅम. दोन्ही सेट एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोन माणसांकडे असले की तोंडी जोडणी होते.

६. माझी मुलगी आठवीत आहे. तिला परवाना मिळेल का?

हो. वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. त्यात प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम असे दोन भाग असतात. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत, जनरलसाठी मोर्स कोडही यावा लागतो, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीयू३ नं आणि जनरलवाल्यांना व्हीयू२ नं सुरू होणारी कॉल साइन मिळते. आठवीचं विज्ञान नीट झालेल्या मुलीला ही परीक्षा जड नाही. ओहमचा नियम पाठ करू नका, एक बॅटरी, एक बल्ब आणि एक मीटर घेऊन घरी करून पहा.

७. साठ मुलांच्या राजमाची ट्रेकला किती हॅम लागतात? ते कुठे थांबतात?

किमान पाच. ही संख्या मुलांच्या संख्येवरून काढलेली नाही, वाटेच्या आकारावरून काढली आहे.

लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवंड करत गडावरच्या उधेवाडी गावापर्यंतची वाट साधारण पंधरा किलोमीटरची. एक हॅम सगळ्यात पुढच्या गटाबरोबर, एक सगळ्यात मागून चालणाऱ्या लीडरबरोबर. या दोघांत मागचा महत्त्वाचा. पुढच्याचा संपर्क तुटला तर गैरसोय होते, मागच्याचा तुटला तर कोणी राहिलं आहे का हेच कळत नाही. म्हणून आमच्यातला सर्वांत अनुभवी माणूस, उत्तम अँटेना आणि जास्तीची बॅटरी मागे असते. नवख्या हॅमना पुढे चालायला आवडतं, ते साहजिक आहे, पण पहिल्या दोन ट्रेकना त्यांना मधल्या गटात ठेवतो.

तिसरा माणूस उधेवाडीत, मुक्कामाच्या घरी. त्याला नेट कंट्रोल म्हणतात (नेट म्हणजे एकाच चॅनेलवर जोडलेले आमचे सगळे सेट, इंटरनेट नव्हे). सगळ्यांची हजेरी तो घेतो, वेळेसह वहीत लिहितो आणि कोणी केव्हा बोलायचं हे सांगतो. तो आदल्या संध्याकाळीच पोचलेला असतो. चौथा लोणावळ्यात, फोन आणि वाहन हाताशी ठेवून. रुग्णवाहिका, शाळा आणि गरज पडली तर 'शिवदुर्ग मित्र'सारखं बचाव पथक, या सगळ्यांना फोन तो करतो.

पाचवा उंचावर. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, त्यातला श्रीवर्धन उंच, समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर. तिथे बसलेल्या हॅमला लोणावळ्याकडची वाटही ऐकू येते आणि उल्हास नदीचं खोरंही. दोन सेट एकमेकांना ऐकत नसतील तेव्हा तो एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगतो. हे काम कंटाळवाणं आणि उन्हातलं आहे, पण अनेकदा सगळा ट्रेक त्याच्या खांद्यावर चालतो. त्याला पाणी, टोपी आणि सोबतीला एक माणूस द्यायला विसरू नका.

दुसऱ्या दिवशी मुलं कोंढाणे लेण्यांवरून कर्जतच्या बाजूला उतरणार असतील तर सहावा माणूस हवा. गडाच्या अगदी पायथ्याची झाडीतली वाट वरच्या माणसाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते रेडिओलाही बहुधा ऐकू येत नाही. तेव्हा खाली कोंदिवड्याच्या बाजूला मोकळ्या जागेत एक जण गाडी घेऊन थांबतो.

८. पाच वॅटचा सेट किती किलोमीटर जातो?

या प्रश्नाचं किलोमीटरमध्ये उत्तर देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. दोन मीटरच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचं रेडिओ-क्षितिज पाच किलोमीटरच्या आसपास असतं, ९०० मीटर उंचीवरून तेच हिशेबानं १२० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून श्रीवर्धनवरून दूरच्या शहरातला माणूस स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच वेळी डोंगराच्या आडोशाला, पाचशे मीटरवर उभा असलेला आपला माणूस ऐकू येत नाही. बसाल्टचा कडा मध्ये आला की पाच वॅटच काय, पन्नास वॅटही फारसे कामाचे नाहीत.

आवाज तुटत असेल तर आधी या गोष्टी करा : सेट कमरेवरून काढून तोंडासमोर उभा धरा, अँटेना आडवी नको. दहा पावलं पुढे-मागे होऊन पहा, दोन मीटरच्या पट्ट्यावर तेवढ्यानंही फरक पडतो. वाटेचं वळण ओलांडून उघड्या कठड्यावर या. सेटसोबत आलेली आखूड रबरी अँटेना बदलून अर्धा मीटर लांबीची लवचीक अँटेना लावली तर बहुतेक वेळा शक्ती वाढवण्यापेक्षा जास्त फायदा होतो. अँटेनाच्या बुडाशी, सेटच्या धातूच्या भागाला टेकवून, साधारण ४९ सेंटिमीटर वायरची शेपटी लोंबती सोडणं हा जुना आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे.

९. रिपीटर वापरायचा की सिम्प्लेक्स?

सिम्प्लेक्स म्हणजे सेट ते सेट थेट. रिपीटर म्हणजे डोंगरावर बसवलेलं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर जोरात परत सांगणारं. ट्रेकसाठी आम्ही मुख्य चॅनेल सिम्प्लेक्स ठेवतो आणि जवळचा रिपीटर पर्यायी. कारण रिपीटर सर्वांचा असतो, साठ मुलांची हजेरी दर अर्ध्या तासानं त्यावर घेतली तर इतरांची अडचण होते. रिपीटर वापरायचा असेल तर तो चालवणाऱ्यांना आधी विचारा, आणि त्याचा टोन (रिपीटर उघडणारा बारीक स्वर) व शिफ्ट (त्याच्या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर) प्रत्येक सेटमध्ये घरीच भरून तपासा. खिंडीत उभं राहून मेनू शोधत बसण्याची वेळ आणू नका.

१०. रेडिओवर मराठीत बोललं तर चालतं का? कसं बोलायचं?

मराठीतच बोला. घाईच्या वेळी माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत त्यानं बोलावं. कॉल साइन मात्र नेहमीच्या अक्षरसंकेतात, अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं म्हणत द्या, आणि ती देणं टाळू नका, नियमच आहे. बाकी 'ओव्हर', 'रॉजर', 'कॉपी', 'स्टँडबाय' एवढे शब्द सगळ्यांना समजतात. बटण दाबलं की एक क्षण थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. 'नाही सापडला' मधला 'नाही' कापला गेला तर काय होईल याचा विचार करा.

मराठीची एक खास अडचण आहे ती आकड्यांची. बेचाळीस आणि त्रेचाळीस, एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, पंचवीस आणि पस्तीस हे खरखरीत आवाजात एकसारखे वाटतात. म्हणून आमच्या नेटवर आकडा नेहमी सुटा बोलतात : 'चार-दोन मुलं', 'तीन-नऊ'. ऐकणारा तोच आकडा सुटा परत म्हणतो. वेळही तशीच, 'एक-चार तीन-शून्य'. सुरुवातीला शिक्षकांना हे विचित्र वाटतं, पण दुपारपर्यंत मुलंही तसंच मोजायला लागतात.

'सगळे आले', 'थोडे मागे आहेत', 'जवळच आहोत' हे शब्द आमच्याकडे वर्ज्य आहेत. का, ते पुढच्या उत्तरात.

११. हजेरी किती वेळानं घेता? एवढी कशाला?

चालताना दर तीस मिनिटांनी, आणि ठरलेल्या खुणांवर : धरण, वळवंड, प्रत्येक ओढा ओलांडल्यावर, दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीतलं भैरवनाथाचं मंदिर, मुक्काम. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी : कुठे आहात, मुलं किती, मोठी माणसं किती.

हे आम्ही चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेबरोबर होतो. पुढच्या गटानं मुक्कामावरून सांगितलं, 'सगळे पोचले.' मी नेट कंट्रोलला होतो, वहीत 'सर्व पोचले' असं लिहिलं आणि मागच्या हॅमला सेट बंद करून जेवायला यायला सांगितलं. त्यांच्या 'सगळे'चा अर्थ त्यांच्या गटातले सगळे असा होता. एक शिक्षिका दोन मुलींना घेऊन वाटेत थांबल्या होत्या, एकीच्या बुटाचा तळ निघाला म्हणून. त्या पाऊण तासानं टॉर्चच्या उजेडात पोचल्या, सुखरूप. मुली हसत होत्या. मला रात्रभर झोप आली नाही. चूक पुढच्या गटाची नव्हती, आकडा न मागता वाक्य लिहून घेणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

तेव्हापासून वहीत वाक्याला जागाच नाही, फक्त आकड्यांचे रकाने आहेत. गटांची बेरीज निघालेल्या संख्येइतकी झाल्याशिवाय मागचा सेट बंद होत नाही. आणि बेरीज नेट कंट्रोलनं एकट्यानं करायची नाही, शेजारी शाळेचा एक माणूस स्वतःची यादी घेऊन बसलेला असतो.

१२. ठरल्या वेळी एखाद्या गटाचा आवाज आलाच नाही तर?

हे निघण्यापूर्वीच ठरवून, कागदावर लिहून सगळ्यांना द्यायचं असतं. आमची रीत अशी : ठरल्या वेळी हाक, उत्तर नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा, मग उंचावरचा हॅम हाक देतो. पंधरा मिनिटं झाली तर पर्यायी चॅनेलवर, आणि त्याच वेळी फोनवर प्रयत्न. तीस मिनिटांनी त्या गटाच्या सर्वांत जवळचा गट आहे तिथे थांबतो आणि लीडर दोघा मोठ्या माणसांना शेवटच्या कळलेल्या ठिकाणाकडे पाठवतात. मुलांना कधीही नाही.

दहापैकी नऊ वेळा कारण बॅटरी किंवा चुकून फिरलेलं चॅनेलचं बटण असतं. तरीही दर वेळी माणसं पाठवतो. शांतता हासुद्धा एक निरोप आहे, आणि तो वाईट आहे असंच धरून चालायचं.

१३. दोन दिवस बॅटरी पुरते का?

ऐकत राहिलं तर बरीच, बोलत राहिलं तर नाही. पाच वॅटवर बटण दाबलेलं असताना हातातला सेट साधारण दीड अँपिअर खातो, नुसता ऐकताना त्याच्या काही अंशच. जवळच्या गटाशी एक वॅटवर बोला. प्रत्येक सेटमागे एक भरलेली जादा बॅटरी, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. उधेवाडीत वीज आहे, पण तिच्यावर योजना आखू नका.

१४. मुलांची नावं हवेत सगळ्यांना ऐकू जातात ना?

हो. हौशी पट्ट्यावर गुप्त भाषेत किंवा सांकेतिक रीतीनं बोलायला मनाई आहे, आणि कोणीही ऐकू शकतं. म्हणून नाव, इयत्ता, शाळेचं नाव, पालकांचा फोन यातलं काहीच बोलत नाही. मुलाचा सहल-क्रमांक बोलतो, यादी नेट कंट्रोलशेजारच्या शिक्षकांकडे असते. दप्तरावरचा क्रमांक अर्थ लपवायला नसतो, ती ओळखीची सोय आहे. रोगांची किंवा औषधांची गुप्त नावं मात्र करत नाही. एखाद्या मुलीची तब्येतीची नाजूक बाब असेल तर हवेत फक्त 'गट दोनला मॅडमची गरज आहे' एवढंच जातं, बाकी मॅडम तिथे पोचून पाहतात.

१५. आम्ही पालक घरी काळजीत असतो. रेडिओवरून खुशाली कळवाल का?

तुमची काळजी समजते, आमच्यातही पालक आहेत. पण तिसऱ्या माणसाचे खासगी निरोप वाहून नेणं हे हौशी सेवेचं नेहमीचं काम नाही. नियमांत त्यावर मर्यादा आहेत, आणि आपत्तीच्या प्रसंगी सवलत आहे. म्हणून आमच्या नेटवर हॅम एकमेकांना गटाची जागा, संख्या आणि हवामान सांगतात. ते ऐकून शाळेचा माणूस स्वतःच्या फोनवरून पालकांना कळवतो. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. वेळ आधी सांगितलेली असली की मधल्या तासांत फोनचा भडिमार होत नाही.

१६. अपघात झाला तर नेमकं काय करता?

'इमर्जन्सी, इमर्जन्सी, नेट थांबवा' हे शब्द आले की बाकी सगळे गप्प. मग या क्रमानं : कुठे, काय झालं, किती जणांना, शुद्धीवर आहे का, रक्त जातं आहे का, काय हवं. 'कुठे' आधी, कारण त्यानंतर आवाज तुटला तरी माणूस निघू शकतो. जागा सांगताना फोनवरचे अक्षांश-रेखांश आणि गावकऱ्यांना कळणारी खूण दोन्ही द्या. मदतीला सर्वांत आधी धावणारा बहुतेक वेळा गावकरीच असतो, आणि त्याला आकडे नकोत, 'दुसऱ्या ओढ्याच्या वरचा आंबा' हवा असतो.

लोणावळ्यातला हॅम १०८ ला फोन करतो. स्ट्रेचरशिवाय उतरवता येणार नसेल तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवतो. त्या भागातलं जवळचं पथक कोणतं हे ते सांगतात. फोनचा निर्णय मात्र लीडरचा, हॅम स्वतःहून ठरवत नाही. एक जण नेटवरच थांबतो, उचलायला धावत नाही. जखमी मूल समोर असताना हातातला सेट खाली न ठेवणं फार अवघड आहे. पण त्या क्षणी ते मूल आणि डॉक्टर यांच्यातली एकुलती दोरी तोच सेट असतो.

१७. पावसाळ्यात सेट चालतात का? विजा चमकत असतील तर?

पाऊस लहरींना फारसा अडवत नाही, ओली झाडी थोडी अडवते. त्रास होतो तो पाणी सेटच्या माइकमध्ये आणि चार्जिंगच्या खाचेत जातं त्याचा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून बोललं तर ऐकू जातं, पिशवी काढू नका.

विजेची बाब वेगळी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या वळवाच्या पावसात ती जास्त. वीज दिसल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी उंचावरचा हॅम अँटेना उतरवून खाली येतो. नेट अर्धवट राहिलं तरी चालेल. त्यानं 'मी उतरतोय' एवढं सांगितलं की सगळे गट आडोसा शोधून थांबतात आणि त्याचा आवाज पुन्हा येईपर्यंत हलत नाहीत.

१८. त्यापेक्षा सॅटेलाइट फोन बरा नाही का?

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही. बटण दाबून उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी उपकरणंही त्यातच येतात. २०२४ च्या डिसेंबरात अशा उपकरणामुळे एका परदेशी धावपटूला गोव्यात दाबोळी विमानतळावर अडवलं गेलं होतं. परदेशात राहणारे मराठी पालक प्रेमानं असं यंत्र पाठवतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

१९. मुलांच्या दप्तरात रेडिओ ट्रॅकर ठेवता येईल का? नकाशावर दिसतील ना?

हॅममध्ये एपीआरएस नावाची सोय आहे, सेट ठरावीक वेळानं आपली जागा प्रसारित करतो. पण तो सेटही परवानाधारकाच्या ताब्यातच हवा, म्हणजे मुलाच्या दप्तरात नाही (प्रश्न ४). पुढच्या आणि मागच्या हॅमच्या पाठीवर तो ठेवता येतो. दरीत सेटला आपली जागा कळत नाही किंवा कळली तरी ती पुढे पोचत नाही, तेव्हा नकाशावरचा ठिपका अर्ध्या तासापूर्वीचा असू शकतो. ठिपका पाहून हजेरी घेणं थांबवू नका.

२०. मुलांना रेडिओवर बोलायला मिळेल का?

ट्रेकच्या नेटवर नाही, पण ऐकायला जरूर. मुक्कामाच्या रात्री जेवणानंतर आम्ही झाडाला तार टांगून ४० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर, दूरची स्टेशनं लावतो. आवाज आकाशातल्या थरावरून परावर्तित होऊन केरळातून, आसामातून येतो, कधी त्याहून लांबून. मुलं आपली नावं मोर्समध्ये शिट्टीनं वाजवतात. तो तास आम्ही कोणत्याही किमतीला सोडत नाही. त्या रात्रीनंतर परीक्षेला बसलेली दोन मुलं आज आमच्याबरोबर मागच्या गटात चालतात.

२१. आदल्या रात्री दोन हॅम आजारी पडले. ट्रेक रद्द करायचा का?

हे ठरवणं शाळेचं, पण आमचं मत विचारलंत तर स्पष्ट सांगतो. आधी उंचावरची जागा सोडा, मग पुढचा हॅम. मागचा आणि नेट कंट्रोल या दोघांत तडजोड नाही. रांग लांबू न देता सगळ्यांना एकत्र चालवा आणि कोंढाणे लेण्यांकडचा उतार गाळून आल्या वाटेनं परत या. आणि मागच्या गटालाच हॅम मिळत नसेल, तर आम्ही शाळेला लिहून कळवतो की रेडिओची साथ आहे असं पालकांना सांगू नका. अर्धी साथ पूर्ण असल्यासारखी सांगितली, तर एरवी घेतली असती ती काळजी कोणी घेत नाही. असं आम्ही दोनदा कळवलं आहे. एका शाळेनं तारीख पुढे ढकलली. दुसरीनं त्याच दिवशी मुलांना जवळच्या डोंगरावर, रेंज असलेल्या वाटेनं नेलं. दोन्हीकडच्या सहलप्रमुखांचे पुढच्या वर्षी जूनमध्येच फोन आले, म्हणजे आम्हाला तारखा राखून ठेवता आल्या. तुम्हीही विचारणार असाल तर तेवढ्या लवकर विचारा. जानेवारीतले शनिवार-रविवार दिवाळीच्या आतच भरतात.